मी कुणाच्याच स्वप्नात येईना

टॅबिथा बेट, दक्षिण कॅरोलायना
जुलै संपता संपता

तीर्थरूप आर्डेलताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, टोबायसचा, गुडघे वाकू देतील तितका वाकून नमस्कार. तुझ्या रक्तात साखर निघाली असं कळलं. (आपल्या घराण्यात इतक्या पिढ्यांत काहीतरी गोड निघालं, त्यातच समाधान मान.) फिलाडेल्फियात म्हणे रस्त्याचं डांबर वितळतंय. इथं तसं काही नाही. दुपारी भरतीचं पाणी गवतात शिरतं, सगळी खाडी झोपेत कूस बदलल्यासारखी हलते, आणि ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं राखी शेवाळ बघता बघता माणसाला आपण जागे आहोत की नाही तेच कळत नाही. तुझी भावजय एझेला बरी आहे. तुझी आठवण काढते, भेंडीचं सूप ढवळताना तर हमखास, कारण त्याला तुझ्याइतकी नावं दुसऱ्या कुणी ठेवली नाहीत.

आता मुद्द्याचं. डीकन मंगिन यांचा दम आता पुरत नाही. भजनाची ओळ ते सुरू करतात आणि संपवायला दुसरं कुणीतरी लागतं, म्हणून त्यांनी प्रार्थनाघराचं पुढारीपण सोडलं. पलीकडच्या पुलापाशी जे मोठं चर्च झालंय, तिथले पाळक लगेच गोड बोलत आले, की ऑगस्टात बाहेरगावी गेलेले सगळे बेटावर येतात त्या परतीच्या रविवारपर्यंत पुढारी मिळाला नाही तर किल्ली आमच्याकडे द्या, खोलीला कुलूप लावू, तुम्ही सगळे आमच्याकडे या, आमच्याकडे विजेचे पंखे आहेत. ताई, ती फळ्यांची खोली तू विसरली नसशील. आपले पणजोबा कुणाच्या मालकीचे राहिले नाहीत त्याच्या दुसऱ्या दिवशी लोकांनी तिथं जमून एकेकानं उभं राहून आपलं नाव सांगितलं, आपल्यावर काय काय गुदरलं ते सांगितलं, कारण दुसरीकडे कुठं कुणी काळ्या माणसाचं ऐकून घेणार नव्हतं. तेव्हापासून दर मंगळवारी संध्याकाळी आपण तेच करत आलो. त्या सगळ्या आवाजांवर आता पंखे घरघरणार, या विचारानं माझं जेवण सुटलं. (एझेला म्हणते सुटलं नाही, नुसतं लांबलं.)

मतं घेऊ म्हटलं तर डीकन ऐकेनात. म्हणाले, जुन्या रीतीनं करायचं. लहानपणी चर्चमध्ये घेण्याआधी आपल्याला एकेकटं रानात पाठवायचे ना, प्रार्थना करायला आणि स्वप्न बघायला? स्वप्नात जो दिसेल तो आपला गुरू, त्याच्या दारात जाऊन ‘मला शिकव’ म्हणायचं. (मला बकरी दिसली होती आणि मला परत रानात पाठवलं होतं, हे तू फिलाडेल्फियात कुणाकुणाला सांगितलंस ते मला ठाऊक आहे.) तर डीकनचं म्हणणं, सगळ्यांनी आठवडाभर आपापली शांत जागा धरायची आणि पुढच्या मंगळवारी स्वप्न सांगायचं. जो सगळ्यांत जास्त जणांना दिसेल, तो पुढारी. मी मनात म्हटलं, टोबायस, देवानं पान वाढून ठेवलंय. आवाज माझ्याकडे, पांढरा सूट माझ्याकडे, आणि पुढं उभं राहायची हौस तर बेटावर दुसऱ्या कुणाला इतकी नाहीच. प्रश्न एकच होता, लोकांच्या स्वप्नात शिरायचं कसं.

पहिला उपाय असा, की झोपण्याआधी माणसाला जे शेवटचं दिसतं तेच स्वप्नात येतं. म्हणून दिवेलागणीला पांढरा सूट घालून मी एकेकाच्या खिडकीवरून सावकाश, किंचित हसत फेऱ्या मारू लागलो. लूला पोलाइट आपल्या ओसरीत गवताची टोपली विणत बसली होती, तिनं मला बघितलं, टोपली टाकली आणि किंचाळत आत पळाली. सकाळी बघतो तर बाईनं दाराच्या आणि खिडक्यांच्या चौकटी नव्यानं निळ्या रंगवलेल्या, भुतं आत येऊ नयेत म्हणून! ती ज्याला त्याला सांगत सुटली की यंदाचं भूत पोट सुटलेलं आहे. दुपारपर्यंत निम्म्या बेटानं चौकटी रंगवल्या, आणि त्या निळ्या रंगातून भुताला जाता येत नाही तिथं मी कसा जाणार होतो!

दुसरा उपाय पोटातून. जड जेवलं की स्वप्नं दाट पडतात, म्हणून मी धुरावलेले मलेट मासे भरपूर मिरची लावून घरोघर पोचवले आणि प्रत्येकाला बजावलं की हे टोबायसकडून, खाताना टोबायसची आठवण ठेवा. तिसरा उपाय गळ्यातून. दुपारच्या डुलकीत माणसाचे कान उघडेच असतात, म्हणून होडी घेऊन खाडीत गेलो आणि घराघरांमागून भजनाच्या ओळी घालत चाललो. मी ओळ घालायची आणि किनाऱ्यावरून झोपाळलेल्या लोकांनी ती परत म्हणायची, असं माझ्या मनात होतं. ताई, मला माझाच आवाज इतका आवडला की पाणी कधी उतरलं ते कळलंच नाही. खाडीत जन्म काढलेला मी भरदिवसा चिखलात रुतून बसलो, भोवती खेकडे हात वर करून उभे, आणि मी आपला तिसऱ्या कडव्यात. एब्राम चिझम जाळं खांद्यावर टाकून बांधावरून चालला होता. तो थांबला, सगळं भजन शांतपणे ऐकून घेतलंन आणि म्हणाला, “टोब्या, लोकांना पुढं न्यायला निघालास, आधी ओहोटी तरी ओळखायला शीक की!” मग एझेला फळी घेऊन आली, तिनं मला बाहेर काढलं आणि माझी पांढरी पँट घासायला बसली. ती मला रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मंगळवार उजाडला. खोली भरली, डासांसाठी बाहेर धूर केलेला, तो फटींतून आत येत होता आणि सगळ्यांचे चेहरे पाण्याखालून दिसावेत तसे दिसत होते. लूला पहिली उठली. तिला माझी हॅट घातलेला मलेट मासा दिसला होता, आणि तो गात होता. मी लगेच उठून उभा राहिलो, पण डीकन म्हणाले बस खाली, हॅट तुझी असली तरी मासा तो मासाच. मग एब्राम उठला. त्याला दिसलं की तो भातखाचरात वाट चुकलाय, पाणी छातीला आलंय आणि एझेला बांधावर उभी राहून म्हणतेय, पाय उचल, मी बघतेय. पुढं त्यानं आपली खरी गोष्ट सांगितली, की ज्या काळात मतदार व्हायला कागद वाचून दाखवावा लागे, तेव्हा बेटावरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांमध्ये बसवून एझेलानं त्याला अक्षरं शिकवली. कचेरीतल्या गोऱ्या कारकुनानं कागद पुढं टाकला. एब्रामनं तो वाचला, उलटून मागची बाजूही वाचली, आणि शेवटी कारकूनच बस म्हणाला. तेव्हा कुठं आपण माणसासारखं ताठ बाहेर पडलो, असं तो म्हणाला. मग एकामागून एक उठू लागले. कुणाला एझेला पाण्यावरून चालत येताना दिसली, कुणाला नुसते तिचे हात दिसले, डीकनना ती त्यांच्या मेलेल्या आईशेजारी मटार सोलताना दिसली. प्रत्येकाच्या स्वप्नामागं एक गोष्ट होती आणि गोष्टीत ती होती. सगळी खोली रडत होती. मीही रडलो. (धुरानं.)

एझेला मागच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसली होती. ती उठली आणि तिनं फक्त माझ्याकडे बघून विचारलं, “अहो, तुम्हाला कोण दिसलं?” मी म्हटलं, “कुणी नाही.” तशी ती म्हणाली, “मग मला नाही जमायचं,” आणि खाली बसली. तेव्हापासून लोक दारात येऊन ‘मला शिकव’ म्हणतात, ती त्यांना लाल भात वाढते आणि नाही म्हणते. रविवार तोंडावर आलाय, किल्ली अजून डीकनच्या उशीखाली आहे. बाकी सगळं क्षेमकुशल.

तुझा आज्ञाधारक,
टोबायस

ता. क. तू एझेलाला चार ओळी लिही. तुझं ती ऐकते. म्हणावं, टोबायसला काही वाईट वाटलेलं नाही, तो पुढारीपण कधीच विसरला, तू खुशाल हो म्हण. वाईट वाटलंय ते लिहू नकोस.

ता. क. २ ताई, खरं सांगायचं तर हे पत्र त्यासाठी नाहीच. मला ती दिसली होती. पहिल्याच रात्री, सूट बाहेर काढायच्याही आधी. धुकं होतं, आपल्या आईबापांपासून सगळे गेलेले लोक खाडीत उभे होते आणि ती सगळ्यांत पुढं होती. मी हाका मारत होतो आणि मला वाट सापडत नव्हती. रीत अशी की दिसेल त्याच्याकडे जाऊन आपणच विचारायचं. अगं, पण जन्मभर जिनं वाढलेलं निमूट गिळलं तिला स्वयंपाकघरात जाऊन ‘मला शिकव’ कसं म्हणू? जीभच उचलत नाही. तू एवढं माझ्या वतीनं लिही. मला लाज वाटते.

ता. क. ३ वन्सं, एझेलाचा नमस्कार. पाकिटावर पत्ता घालायला यांनी पत्र माझ्याकडे दिलं, म्हणजे वाचायलाच दिलं. तुम्ही काही लिहायचे कष्ट घेऊ नका. हे झोपेत बोलतात. त्या रात्री माझंच नाव घेत होते, ‘एझेला, थांब, मी येतोय’ म्हणून. मी जागीच होते. बेटावरच्या सगळ्यांनी विचारलं तरी मला ते यांच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून मी हटून बसले. आता पाकीट न चिकटवता टेबलावर ठेवते आणि मटार सोलायला बसते.

ता. क. ४ वाचलं. विचारलं. तिनं मटारांचा अर्धा ढीग माझ्यापुढं सारला आणि म्हणाली, बस. ताई, मी तिच्याशेजारी बसलो आणि या खेपेला खरंच रडलो. किल्ली उद्या आणायची आहे. तू परतीच्या रविवारी काहीही करून ये. पुढारीपण अखेर आपल्याच घरात आलं, हे तिकडे सगळ्यांना सांग, फक्त कुणाकडे आलं ते मी गावाला तोंड दाखवेपर्यंत सांगू नकोस.