मोरघार, ससा आन् मी

दिग्रस, ११ नोव्हें. ६१
भाईजाननं आपल्या शिकारी मोरघारीले कालपासून उपाशी ठेवलं. उद्या तिच्याकून ससा धरवायचा हाय, कापसाच्या जिनातले दोस्त येतात पाह्यले. मले म्हणे, "सशाजवळ हाय काय? नुसतं पळणं. हिचे पंजे पाह्य, छोटी!" भाभी चुलीजवळून बोलली, "सशाले बी मांगचे पाय असतात." भाईजाननं फुंकणी फेकून मारली. कानाखाली लागली तिच्या.

१२ नोव्हें., सकाळ
पाखरू लई ओरडून राह्यलं. पाहवलं नाही. कोंबडीची कलेजी चारली. दोन तुकडे, बस.

तोच दिवस, दुपार
भाभी आन् मी वावरात भाकरी घेऊन गेलतो. कापलेल्या ज्वारीतून ससा उठला. मोरघार झपटली, पण ढिली. एकाच पंजानं धरला. पोटात असलं की पाखरू जीव लावून धरत नाही. मले ठाऊक नव्हतं काय? होतं. ससा लेकरावाणी किंचाळला, उताणा झाला, मांगच्या पायांनी तिचं पोट फाडलं. भाईजाननं दगडानं ससा ठेचला. हलाल करायची सुध नव्हती, ठेचतच राह्यले. मंग मोरघारीची मान मोडली. गळ्याच्या पिशवीतून कलेजी निघाली.
"कोणं चारलं?"
माह्याकडं पाह्यलंच नाही. सरळ भाभीचे केस धरले. लाथा, बुक्क्या. त्यायचे पाच-सहा दोस्त वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभे. "बस" कोणीच म्हटलं नाही. मी बी नाही.

१४ नोव्हें.
भाभीचा डावा डोळा उघडत नाही. हळद लावली. तिनंच इचारलं, "तूनं चारली ना?" मी तिच्या मांडीत डोकं घालून रडली. म्हणे, "सांगू नको. तुह्यावर हात टाकला त मी मधात येईन, मंग पुन्हा मलेच." मी हो म्हटलं. किती पटकन म्हटलं! थू माह्या जिंदगानीवर.

१५ नोव्हें.
मी भाईजानले मोरघार समजत होती, भाभीले ससा. पण सशानं लाथ त मारली. भाभी बी बोलली चुलीजवळून. मी त दोघांतलं काहीच नाही. मी धुऱ्यावरची.

१७ नोव्हें., सकाळ
निमकहराम बाई घरात नाही पाह्यजे म्हणे. सातच्या मोटरनं भाभीले उमरखेडले धाडून राह्यले, माहेरी. "घ्यायले येसान ना?" तिनं इचारलं. तिची वळकटी दारात हाय. भाईजान बूट घालून राह्यले.
हाक मारली मी त्यायले. "काय हाय?" म्हणाले. "आली," म्हटलं.
कलेजी कोणं चारली, सांगते त्यायले. वही ठेवते.