पितळी गुंडावरचे तीन पट्टे

६ फेब्रु. १९६२, दारव्हा

वकीलसाहेब मोटार परत घेऊन आले. दिवाळीआधी मी रंगवलेलं मडगार्ड थिगळासारखं दिसतं म्हणे. खरंच दिसतं. सपाट पत्र्यावर रंग जुळला होता, गोलाईवर वर फिक्का, खाली काळपट. सुमननं तेव्हाच टोकलं होतं, "गोलाईवर फिक्का दिसन हो." मी वकिलांदेखत ओरडलो, "तुले काय समजते रंगातलं?" दिवाळीला माहेरी बोरी अरबला गेली, ती अजून आली नाही.

७ फेब्रु.

सकाळपासून चार वेळा रंग कालवला. ब्रश हातात धरून मागं वळून विचारलं, "कसा?" मागं भिंत. सात वर्षं नजर तिची, हात माझा. नाव मात्र माझं. हे तिला एकदा तरी बोलायला हवं होतं.

९ फेब्रु.

मडगार्डसारखी गोलाई घरात एकाच वस्तूला. सुमनचा पाणी भरायचा पितळी गुंड, लग्नात माहेरून आलेला. त्याच्या पोटावर तीन वेगळ्या मिश्रणांचे तीन पट्टे मारले. मला तिन्ही सारखेच. जुन्या रंगाचा नमुना म्हणून मोटारीच्या टाकीचं झाकण सोबत बांधलं. मावसभाऊ नामदेव बोरीच्या बसवर कंडक्टर, त्याच्या हाती दिलं. "तिले म्हण, कोणता जुळते ते सांग." बाकीचं सांगणार होतो, बस सुटली.

१० फेब्रु.

शेजारच्या गयाबाईंनी कपाळावर हात मारला. "बाईचं आंदणाचं भांडं माहेरी धाडलं? काडीमोड झाल्यावर धाडतेत रे बावा! येवढं नाही समजत तुले?"

मला नुसती गोलाई दिसली. गाढव मी. बसस्टँडवर पळालो, पण गुंड कालच पोचलेला.

१२ फेब्रु.

नामदेव आला. हातात फक्त झाकण.

"गुंड?"

"ठेवून घेतला वयनीनं. लय वेळ मांडीवर घेऊन बसून राह्यली. मंग उन्हात नेला, फिरवून फिरवून पाह्यला. म्हणे, त्यायले सांगा, मधला."

"अजून काही?"

"बस, मधला."

१४ फेब्रु.

मधला मारला. नवा कुठं संपतो, जुना कुठं सुरू होतो, मलाच सापडेना. वकीलसाहेब खूष होऊन गेले. मी गुंडाच्या रिकाम्या जागेकडं बघत बसलो.

रागानं ठेवला असेल गुंड? की मी न्यायला यावं म्हणून? राग असता तर रंग कशाला सांगितला असता... की ती सवयच. काही कळत नाही. मला सुमन हवी आहे, रंग जुळो न जुळो.

उद्या पहिल्या बसनं बोरी. नामदेव म्हणाला, "परतीले दोन सीट राखून ठेवू?" मी म्हटलं, एकच ठेव. अर्ध्या वाटेवरून मागं फिरलो नि दोन सांगून आलो.