नसलेलं पान

४ नोव्हेंबर

तुरुंगात इंटरनेट नाही. म्हणून हिल्कानं – आमच्या शिक्षिकेनं – प्रोग्रामिंगची माहिती नोंदींच्या अ‍ॅपमध्ये भरून आणली. साधा मजकूर, एका पानातून दुसऱ्या पानात जायला दुवे. महिनाअखेरची परीक्षा पास झाले तर खुल्या तुरुंगात बदली. तिथे केर्त्तू शनिवारी माझ्याजवळ राहू शकेल. नऊ वर्षांची झाली माझी लेक. तिचे केस शेवटचे कधी विंचरले, आठवत नाही.

५ नोव्हेंबर

बरीच पानं उतरवायची राहिलीत. तसल्या दुव्यावर टिचकी मारली की अ‍ॅप त्या नावाचं कोरं पान बनवतं. ‘चूक झेलणं’ – प्रोग्राम मध्येच अडला तर सावरणं – नेमकं परीक्षेला – आणि तेच कोरं!

७ नोव्हेंबर

ते पान भरलंय! ‘भांडं हातातून पडणारच असं धरून आधीच खाली चादर अंथरायची. झेलणं म्हणजे एवढंच.’ खाली उदाहरण. चालवून बघितलं. चाललं!

सकाळी या संगणकावर साइमी बसते, दुपारी मी. खटला संपेपर्यंत तिला इतर कैद्यांशी बोलायला बंदी. जेवणसुद्धा कोठडीत. मी तिला फक्त पाठमोरी पाहिलीय.

१२ नोव्हेंबर

मी कोरी पानं उघडून ठेवते, ती भरते. शेजारणीसारखं लिहिते.

१८ नोव्हेंबर

पहारेकरी तार्मो कॉफी ढवळत म्हणाला, “काय बाईसाहेब, प्रेमपत्रं चाललीत वाटतं? त्या पोरीला तुमचा एक शब्द गेलेला दिसला, तर खुला तुरुंग विसरा हं!” हसत म्हणाला. आज एकही कोरं पान उघडलं नाही.

२१ नोव्हेंबर

आज मी न उघडलेलं एक पान. ‘तू आहेस ना? एक अक्षर टाक. कुठलंही.’

बघत बसले. केर्त्तू डोळ्यांसमोर. पान मिटलं.

२४ नोव्हेंबर

‘झोप लागत नाही. एकच अक्षर.’

नाही टाकलं.

३ डिसेंबर

पास! हिल्कानं वेलदोड्याचा पाव आणला. केर्त्तू फोनवर किंचाळली, “आई, माझी उशी आणू?” सोमवारी बदली. निघायच्या आधी साइमीला लिहायचं. नक्की.

५ डिसेंबर

हिल्का म्हणाली, “बस निवांत. सकाळीही आता कुणी नसतं.”

“साइमीला हलवलं?”

“नाही गं. परवा रात्री तिनं जीव दिला.” मग हळूच – “त्या संध्याकाळीच विचारत होती, ती दुपारची बाई पास झाली का? मी सांगितलं नाही. मनाई आहे ना.”