कात्र्यांचा बंदोबस्त

तीर्थरूप काकांना पुतण्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? काकूंनी आणलेलं तेल लावता ना (की बाटली उशाशी ठेवून ‘लावलं’ म्हणता)? झोप लागते का? मला लागत नाही. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायला बसलो होतो, पण एवढ्या दोन ओळींत दोनदा उठून मागच्या दाराचं कुलूप ओढून बघून आलो. तेव्हा ठीक नाही असंच धरून चाला.

तुम्ही शिवणाचा कारखाना माझ्या हवाली केलात तेव्हापासून मी जिवाचं रान करतोय, हे तुम्ही दर गुरुवारी येऊन बघताच. पण काका, कात्र्या जायला लागल्या. आधी एक गेली, मग दुसरी, मग आपल्या कटिंग मास्तरांची ती मोठी काळ्या मुठीची, जी ते जेवतानाही मांडीशी घेऊन बसतात. शिवाय मापाच्या टेपा, खडू, आणि एकदा तर काज-बटणवाल्या मावशींचं सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान. (अंगुस्तान नेऊन कोणी काय करणार, तेच मला कळेना.) शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशाच्या कापडाचे ढीग पडलेत आणि कापायला कात्री नाही. म्हणून मी नियम करायला घेतले, आणि तिथूनच माझी साडेसाती सुरू झाली.

पहिला नियम, प्रत्येक कात्री दोरीने टेबलाला बांधायची. हे सुचलं तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो. ज्याच्या हातात कात्री आहे त्याला दोरी किती वेळ अडवणार, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. दुपारच्या चहापर्यंत सगळ्या दोऱ्या जमिनीवर. मग मी सगळ्यांसाठी बिनखिशाचे डगले शिवून घेतले. आता खडू ठेवायचा कुठे? कोणी कानावर ठेवला, मावशींनी अंबाड्यात खोचला, आणि इस्त्रीवाल्याने तोंडात धरला तो बोलता बोलता अर्धा गिळला. (त्याला काही झालं नाही. दिवसभर पाणी पीत बसला, आणि त्याच्याऐवजी इस्त्री मी केली. जळालेल्या शर्टांविषयी विचारू नका.) मग पिशव्या बाहेर ठेवायला लावल्या, तर रस्त्यावरच्या कुत्र्यांनी सगळ्यांचे डबे साफ केले आणि उपाशी माणसांनी बाह्या उलट्या जोडल्या.

शेवटी दारावर झडती. कामगारांनी मागच्या दाराने जायचं आणि घरच्या माणसांनी पुढच्या, ही पद्धत तुम्हीच घालून दिलेली, म्हणून रखवालदार मागच्या दाराशी बसवला. तो इतका इमानी निघाला की पहिल्याच संध्याकाळी मी मागचं कुलूप बघायला गेलो, तर त्याने माझ्याच खिशातून दोऱ्याचं रीळ काढून मला धरून ठेवलं. मावशींनी येऊन ‘हा मालकच आहे’ असं सांगितल्यावर सुटका झाली, पण त्यांनी ते सांगायला जरा वेळच घेतला.

तरी पुढच्या गुरुवारी कात्री गेलीच. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांना उभं केलं आणि भिंतीवर माझ्याच हाताने चिकटवलेला नियम वाचून दाखवला, की जो चोरी करेल त्याला त्याच आठवड्यात नारळ. मावशी पायाच्या नखाकडे बघतात, इस्त्रीवाला छताकडे. सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि मलाच नाही, हे कळण्याइतकी अक्कल मला आहे. तेवढ्यात मास्तर (नाकावर माशी बसू देत नाहीत, मला अजून ‘पोरा’ म्हणतात) पुढे आले आणि म्हणाले, मी नेल्या, मला मोकळं कर. काका, स्वतःची कात्री कोण चोरतं? सरळ सरळ खोटं होतं. पण सगळ्यांसमोर नियम वाचलेला, मी तोंडघशी पडलो आणि ‘बरं’ म्हणून बसलो. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. मास्तर गेले तर हा कारखाना मला चालवता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर ते नसलेल्या कारखान्यात मला यायचंच नाही. मी रोज त्यांची मनधरणी करतो, ते रोज मला हाकलून लावतात.

असो. तब्येतीला जपा. काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या

ता. क. काल काकूंचा फोन आला होता. तुमच्या कोटाचा आतला खिसा सारखा फाटतो, शिवायला मास्तरांकडे कधी पाठवू, असं विचारत होत्या. घरातल्या कपाटात कात्र्या मावत नाहीत, तुम्ही विकायला आणता का, असंही विचारलं.

ता. क. दुसरा. राग मानू नका. टेप गळ्यात, खडू कानावर आणि कात्री खिशात घेऊन तुम्ही जन्मभर घरी गेलात, आणि तेव्हा त्या तुमच्याच होत्या. हात ते विसरला नाही, एवढंच. सगळा कारखाना दर गुरुवारी हे बघत होता आणि कोणी बोललं नाही. मास्तर तर तुमचं नाव निघू नये म्हणून चोर झाले.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहिलं ते यासाठी. हे पत्र मास्तरच घेऊन येताहेत. लेकीकडे कायमचं जाण्याआधी तुमच्या पाया पडायचं म्हणतात. पत्रात गणवेशाची मापं आहेत, असं मी त्यांना सांगितलंय. त्यांना चहा द्या आणि सोमवारी कामावर जा म्हणून दटावा. तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत. आणि ते चहा पीत असतील तेव्हा ती काळ्या मुठीची कात्री हळूच त्यांच्या पिशवीत सरकवा. झडती मी बंद केलीय. कात्री खिशात घालताना तुम्हाला सगळ्यांनी पाहिलंय काका, काढताना तेवढं मास्तरांना दिसू देऊ नका. त्यांना ते बघवणार नाही.