करवंटीतले मेलेले सेल

४ नोव्हेंबर, सोमवार

आज आलेला माल, म्हापशाच्या बंद पडलेल्या दुकानातून, कुरिअरने —
गुणगुणणारी घड्याळं ७ (चालू २) — ४३,०००
सुटे काटे, काचा, दोन कॉइल — १,५००
जुने सेल ४१२, बिस्किटाच्या डब्यात — फुकट!
कुरिअर — ३८०

ह्यांना घड्याळांपेक्षा डब्याचाच आनंद जास्त. "अगं, हे सेल आता जगात कुणी बनवत नाही. बंदी आहे." कशाची बंदी ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

ही घड्याळं टिकटिकत नाहीत. आत केसाएवढ्या बारीक कामाचा एक छोटा चिमटा असतो, पेटी सुरात लावायला वापरतात तसा. तो सारखा थरथरतो आणि घड्याळ गुणगुणतं. साठ वर्षांपूर्वीची कारागिरी, आणि ती जुन्या सेलच्या मापाची. नव्या सेलचा जोर जास्त, काही घड्याळं त्यावर धावत सुटतात. म्हणून शौकीन लोक जुना सेल असला की हजार रुपये जास्त मोजतात.

हे रोज वीस-पंचवीस सेल मीटर लावून तपासणार. जिवंत ते काचेच्या बाटलीत. मेलेले नारळाच्या करवंटीत. "करवंटीला हात लावू नकोस, त्याचं मी बघतो" — म्हणजे ती करवंटी सहा महिने तिथेच राहणार!

बाळंतपणाला आलेल्या आमच्या पल्लवीचे पाय सुजलेत. डॉक्टरीणबाईंनी आठ तारीख दिली आहे. सिद्धारूढांच्या मठात नारळ बोलले.

७ नोव्हेंबर, गुरुवार

काल संध्याकाळी सहा चाळीसला मुलगी झाली. दोन किलो नऊशे. बाळ-बाळंतीण सुखरूप. आई अंबाबाई, तुझी ओटी भरीन.

१० नोव्हेंबर, रविवार

पल्लवी घरी आली. न्हाणीशेजारची खोली दिली, बंबाची ऊब भिंतीतून येते म्हणून. खिडक्या लावून फटींत कापड कोंबलं, वारा लागायला नको. यमुनाक्का न्हाऊ घालायला येते. तिचा हात म्हणजे लोणी. तोंड मात्र तिखट! पोरीला पायांवर घेऊन म्हणाली, "बघा वैनी, नाक आजोबांचं. आता घड्याळं दुरुस्त करायला माणूस मिळालं."

अंघोळीनंतर बंबातले निखारे शेगडीत काढून खोलीत नेते. ओवा, वेखंड टाकून दोघींना शेक देते. पल्लवी कुरकुरते — "आई, डोळे चुरचुरतात गं." म्हटलं, मलाही चुरचुरायचे. तू झालीस ना धडधाकट?

१३ नोव्हेंबर, बुधवार

बेळगावहून विहीणबाई, हेमावतीबाई, बघायला आल्या. बाळाकडे एकटक बघत राहिल्या. "रंग उजळ आहे हो. आमच्याकडे कुणाचाच नाही असा." त्या गेल्या आणि पोर जी रडायला लागली ती थांबेना.

दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, मिरच्या तीनदा ओवाळून शेगडीत टाकल्या. ह्यांच्या टेबलाखालचा केरही त्यातच टाकला, ओंजळीत होता म्हणून. आणि काय सांगू — फट्ट! फट्ट! निखारे उडाले. यमुनाक्का मागे सरली, "अग्गागा! केवढी लागली होती पोरीला!" दोन मिनिटांत बाळ गप्प. सकाळपर्यंत निजली.

केरात दोन मेलेले सेल गेले असणार. तेच फुटले. पण मीठ-मिरच्या काय, सेल काय — फुटलं ते फुटलं. दृष्ट निघाली हे खरं.

१७ नोव्हेंबर, रविवार

बारसं. नाव सायली. घुगऱ्या कमी पडल्या नाहीत.

रोज तिन्हीसांजेला दृष्ट काढते. करवंटीतले चार-पाच सेल मिठाबरोबर टाकते. कचऱ्याची बाई ते घेत नाही, "अक्का, ह्यो माल आमचा नव्हं" म्हणते. आणि कुठल्या लेकराने उचलून गिळले तर? पेपरात आलं होतं तसं. त्यापेक्षा अग्नीला दिलेले बरे. ह्यांना बोलले नाही. त्यांना करवंटीची कुठे आठवण आहे!

विक्री — काळ्या तबकडीचं, पुण्याला, ३१,०००.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

तोंडाला तांब्याच्या भांड्याची चव येते. चहासुद्धा तसाच लागतो. उपास जास्त झाले असतील.

२४ नोव्हेंबर, रविवार

सायलीचे तळहात-तळपाय गुलाबी झालेत. कुंकवाच्या पाण्यात बुडवल्यासारखे! यमुनाक्काने बायकांना बोलावून दाखवलं. "लक्ष्मीचे पाय आहेत हे, वैनी. पाळण्यात लक्ष्मी आली तुमच्या." मी हळद-कुंकू लावून त्या पायांना हात जोडले.

पल्लवी मात्र म्हणते, "आई, पाय गरम आहेत. आणि हिला एवढा घाम का येतो, थंडीत?"

ऊब आहे म्हणून, दुसरं काय.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

तळव्यांची सालं निघायला लागली आहेत. रडते ती थांबत नाही, आणि आवाज मांजराच्या पिलासारखा बारीक झालाय. दार उघडलं की उजेडाने डोळे मिटून घेते. खोबरेल लावलं. पल्लवीच्या हिरड्यांतून रक्त येतं. ती बाळाएवढीच रडते.

हिशेब लिहायला घेतला तर तीनचा आकडा धड येईना. लेखणीला दोष देता येत नाही, नवी आहे.

१ डिसेंबर, रविवार

आज मोठी दृष्ट. आठ टाकले. खोलीभर धूर. पल्लवी खोकून खोकून लाल झाली. "आई, पुरे!" असं ओरडली. माझ्यावर कधी ओरडली नव्हती.

ह्यांनी जेवताना विचारलं, "करवंटी हलकी लागते गं. मेलेल्यांना पाय फुटले की काय?" आणि स्वतःच हसले. मी ताकाचं भांडं आणायला उठले.

३ डिसेंबर, मंगळवार

सायलीला दवाखान्यात ठेवलं. छाती नुसती धडधडते, मिनिटाला किती सांगितलं ते मला लिहवत नाही. डॉक्टर तरुण आहेत. आधी मराठीत, मग कानडीत एकेक विचारत गेले — गावठी औषध दिलं का? काजळात काही घातलं? घरात थर्मामीटर फुटला का? शेवटी, "एनादरू सुट्टीरेनु?" — काही जाळलंत का?

मी सांगितलं, ओवा, वेखंड, मीठ, मिरच्या.

त्यांनी लिहून घेतलं. मी खोटं बोलले नाही. मला वाटलं, विचारतात ते औषधाबद्दल. सेल काय औषध आहे?

५ डिसेंबर, गुरुवार

विहीणबाई गाडी घेऊन आल्या आणि बाळ-बाळंतिणीला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. जावई मान खाली घालून उभे. विहीणबाई पल्लवीला ऐकू जाईल अशा बोलल्या, "आईच्या दुधातच दोष असला तर डॉक्टर तरी काय करतील?" दूध बंद केलं आहे. पल्लवी ओल्या चोळीने गाडीत बसली. माझ्याकडे बघितलं नाही.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. हात इतका कापला की तांब्यातलं पाणी चौरंगावर सांडलं.

८ डिसेंबर, रविवार

धारवाडहून नागोजी सर आले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, आता जुन्या घड्याळांचा नाद. हिरव्या काट्यांचं घड्याळ घ्यायला आले होते. कानाला लावून बघितलं, हसले. "विठ्ठलराव, हे तर पेटीच्या सुरात गातंय!" मग त्यांची नजर करवंटीकडे गेली. एक फुगलेला सेल चिमट्याने उचलून म्हणाले,

"हे असे उघडे ठेवू नका हो. पारा आहे यात. म्हणून तर बंद केले. आणि चुकूनसुद्धा तापवू नका. वाफ होते त्याची — वास नाही, रंग नाही. मोठ्या माणसालाही वाईट. लहान मूल असलं घरात तर..."

"नात आहे," हे म्हणाले.

"मग तर लांबच ठेवा. हातपाय लाल होतात, साल जाते. जुन्या पुस्तकांत वाचलंय मी."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला. सांडला नाही. सर बसले होते तोवर मी बिस्किटंसुद्धा पुढे केली.

ते गेल्यावर ह्यांना सांगितलं. सगळं.  ते करवंटीकडे बघत बसले. मग फोन उचलला आणि जावयांना म्हणाले, "माझ्या हातून झालंय. मेलेले सेल मी शेगडीत टाकले. चार-पाच असतील. एकदाच. डॉक्टरांना लगेच सांगा, पारा आहे म्हणावं."

मी समोर उभी होते. त्यांनी हाताने मला गप्प राहायला सांगितलं. मी राहिले.

१० डिसेंबर, मंगळवार

रक्तात पारा निघाला. औषध सुरू केलं. पोर थोडी निजली म्हणे. देवा, देवा.

विहीणबाईंचा फोन आला, तो ह्यांनी घेतला. आवाज स्वयंपाकघरापर्यंत. "घड्याळांच्या नादात नात भाजलीत!" पल्लवीने निरोप दिला आहे — अप्पांचा आवाज मला ऐकायचा नाही.

ह्यांनी बसून एकेका घड्याळातला सेल काढला. सगळी बंद. तीस वर्षं ह्या घरात गुणगुण आहे, आज भिंतींचा आवाज येतोय.

१२ डिसेंबर, गुरुवार

जावई फोनवर म्हणाले, चार-पाचच सेल होते तर पाच दिवसांचं औषध पुरे. शनिवारी घरी आणतील.

चार-पाच!

बाटली आणि करवंटी घेऊन बसले. ह्यांचा जुना रुमाल नाकाला बांधला, खिडक्या सताड उघडल्या. आले ४१२. जिवंत ५७. मेलेले ३५५ असायला हवेत. करवंटीत २७१.

चौऱ्याऐंशी.

तीनदा मोजले.

१३ डिसेंबर, शुक्रवार

हे बाजारात गेले तेव्हा बेळगावच्या डॉक्टरांना मीच फोन लावला. नंबर कालच जावयांकडून मागून घेतला होता. कानडीत सांगितलं — चार-पाच नाहीत, चौऱ्याऐंशी. एकदा नाही, एकोणीस दिवस. खोली बंद होती. त्यांनी आकडा परत विचारून लिहून घेतला. मग म्हणाले, बरं झालं सांगितलंत, मी उद्या सोडणारच होतो. औषध चालू ठेवतो. बाळंतिणीलाही तपासतो. तुम्ही पण रक्त द्या, तुमचा आवाज कापतोय.

कुणी टाकले ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन. आता आकडा त्यांना कळला होता. "एकदाच म्हणालात ना? चौऱ्याऐंशी! माणूस आहात की कोण आहात?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग फोनमध्ये म्हणाले, "हो. मीच."

म्हणजे मी खरं सांगायला गेले आणि ह्यांच्या डोक्यावरचं ओझं चौऱ्याऐंशीपट केलं.

१५ डिसेंबर, रविवार

हे दोन दिवस जेवले नाहीत. पल्लवीला सातदा फोन केला. विहीणबाई उचलतात. "ती झोपलीये." दुपारी, संध्याकाळी, केव्हाही — झोपलीये.

ह्यांना म्हटलं, मी सांगते सगळ्यांना. म्हणाले, "सांगून काय होणार? तिला तू तरी राहू दे. बाळंतीण आहे, तिला आई लागेल. बापावाचून चालतं."

१६ डिसेंबर, सोमवार

पल्लवी, हे पान वहीतून फाडून तुला पाठवते आहे, कारण फोनवर तू मिळत नाहीस. सेल अप्पांनी टाकले नाहीत. एकही नाही. मी टाकले. रोज तिन्हीसांजेला, तुझ्या उशाशी बसून, तू नको म्हणत असताना. तुझ्या दुधात काही नव्हतं. अप्पांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी सांगू दिलं. हे पान सासूबाईंना वाचायला दे. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस. पण अप्पांशी बोल. आणि सायली उजेडाकडे बघते का आता, एवढी एक ओळ उलट टपाली कळव.