चांदणी नसलेला तंबू

प्रिय धाकटीस, थोरलीचे पोटभर आशीर्वाद, आणि वर दोन जास्तीचे, कारण मागच्या पत्रात घाईघाईत द्यायचे राहून गेले होते.

इकडे सगळे ठीक. माझा डावा गुडघा आता बरा आहे, उजवा त्याच्यावर जळतो. तुझी दाढ काढली का? काढली असशील तर दुसऱ्या बाजूला जप, आता तेवढीच उरली. अक्षराकडे बघू नकोस, मजकुराकडे बघ. (मी चौथीपर्यंत गेले आणि त्यातलं निम्मं वर्ष गोवरात गेलं, हे तुला माहीत आहे, पण नातीला वाटतं मी सातवी पास आहे, तेव्हा हे पत्र तिच्या हाती पडू देऊ नकोस.)

तुझं उत्तर पोचलं. मी दोन पानं भरून लिहिलं की येत्या शनिवारी आमच्याबरोबर तळ्यावर मुक्कामाला चल, आणि तू उलट टपाली एक ओळ धाडलीस, की मी मेले तरी तंबूत झोपणार नाही आणि का ते तुला ठाऊक आहे. ठाऊक आहे बाई. चौसष्ट वर्षं ठाऊक आहे. पण तू यावंस म्हणूनच हे पत्र लिहायला बसले आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालून उशाखाली सारू नकोस. आपण दोघी आणखी किती वेळा एका छपराखाली निजणार आहोत ते मोजायला मला एका हाताची बोटंही जास्त होतात.

तर तंबूचं असं झालं. नात इस्पितळात रात्रपाळीची नर्स. सकाळी घरी येते आणि झोपायला जाते तर खिडकीतून ऊन थेट तोंडावर. पडदे लावले, पुठ्ठे लावले, शेवटी उन्हाळ्यात माझी गोधडीसुद्धा खिळ्यांना टांगली. पोरीच्या डोळ्यांखाली नुसती काजळी. मग कुणीतरी तिला सांगितलं की हल्ली आतून काळा लेप दिलेले तंबू मिळतात, भर दुपारी आत अंधार, आणि उभारायला मिनिटसुद्धा लागत नाही, नुसता हवेत भिरकावायचा. हे ऐकून मी हसत सुटले. आप्पांचा तंबू उभा करायला चार माणसं, एक शिडी आणि आप्पांच्या तोंडची तासभराची शिवीगाळ लागायची, आठवतं ना? पण तंबू घ्यायचाय म्हटल्यावर मी गप्प कशी बसणार? तंबू शिवणाऱ्याची लेक मी. दाभण टोचून टोचून उजव्या तळव्यावर पडलेला घट्टा अजून गेला नाही. नातीला म्हटलं, भाजी तुझ्या पसंतीची आण, तंबू माझ्या.

दुकान तळघरात. दुकानदार चांगला तरणाताठा, पण दाभण कशाशी खातात ते त्याला माहीत नाही. त्याने एक मोठ्या परातीएवढी गोल पिशवी काढली, तिचा पट्टा सोडला, आणि ते प्रकरण फटदिशी उघडलं ते माझ्या पुढ्यात तीन माणसांचा तंबू! मी एवढी दचकले की माझी एक चप्पल बुटांच्या रांगेत जाऊन बसली. म्हणाला, "आजी, दहातले नऊ हिस्से उजेड अडवतो हा." मी विचारलं, आणि दहावा? तर म्हणतो, "तो कंपनी सोडते." मी म्हटलं, मग तो कुठून येतो ते मी बघते. आणि आत शिरून नातीला म्हटलं, चेन लाव.

धाकटे, तुला खरं सांगते, चेन लागली आणि मी एकदम अकरा वर्षांची झाले. तोच वास नव्हता (आपल्याकडे मेण, डिंक आणि आप्पांची विडी, इथे नव्या बुटांचा), पण ते गुडघे पोटाशी घेऊन बसणं, ते मान वर करून बघणं! नवा तंबू शिवून झाला की आप्पा बाराच्या उन्हात तो अंगणात उभा करायचे, आपल्या दोघींना आत सोडायचे, बाहेरून दोरी आवळायचे, आणि सुईचं एकेक भोक आपल्याला आतून चांदणीसारखं दिसायचं. "आप्पा, मधल्या खांबापासून दोन हात, शिवणीच्या खाली, एक चांदणी!" की बाहेरून आप्पांचा खडू टक्कन. मग मेण. पावसात माणूस भिजला तर शिव्या आपल्याला बसतील म्हणायचे. चांदणी शोधण्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. मी थोरली, पण माझे डोळे आधीपासूनच वरणासारखे. तर मी त्या दुकानात सवयीने ओरडले, "वरच्या कोपऱ्यात एक!" बाहेर गिऱ्हाइकं हसायला लागली. नात म्हणाली, "आजी, ती दुकानातली ट्यूब आहे, चेन नीट लागली नाही." पण तंबू मला पटला. शिवण यंत्राची असली तरी सरळ होती. घेतला.

घरी आल्यावर मात्र माझं मन खाऊ लागलं. तो दहावा हिस्सा! दुसऱ्या दिवशी बरोबर बारा वाजता गच्चीवर नेला, भिरकावला, आत जाऊन बसले. आणि सापडलं. वर दोन्ही बाजूंना चांगल्या वीतभर फटी, त्यावर नुसती जाळी आणि बाहेरून लोंबती झडप. इतकं महागाचं सामान आणि फट उघडी ठेवून विकतात! आप्पांनी बघितलं असतं तर तिथेच कारागिराचा कान धरला असता. मी दाभण काढलं, दोऱ्याला मेण लावलं, चामड्याचा पट्टा तळव्यावर चढवला (आहे अजून, ट्रंकेत, तुझाही आहे) आणि दोन्ही फटी दुहेरी टाक्यांनी बंद केल्या. कितीतरी वर्षांनी इतकी सुखात होते मी, की गुडघे दुखायचं विसरले. हे नातीला सांगितलं नाही. म्हटलं, पोरीला आयती झोप लागू दे. तंबू घडी करताना मात्र देवच आठवला. उघडतो सेकंदात, पण मिटायला त्याची तार आठाच्या आकड्यासारखी मुरडावी लागते. जावईबापू मदतीला आले, आणि पहिल्या खेपेला घडीत त्यांचा डावा हात गेला.

मागच्या शनिवारी गेलो तळ्यावर. मी, नात आणि जावईबापू. (लेक आली नाही, तिला किड्यांचा तिटकारा.) जावईबापू त्यांच्या जुन्या एकट्याच्या तंबूत, मी आणि नात नव्यात. पोरगी टेकली नाही तोच घोरायला लागली. मला ऐकून असं बरं वाटलं म्हणून सांगू. मलाही कधी डोळा लागला कळलं नाही.

जाग आली तेव्हा काळंभोर. मला वाटलं अजून पहाट व्हायचीय. कपाळावर टपकन थेंब पडला, मग दुसरा. आत आमचाच श्वास साचून छताला पाणी सुटलं होतं! त्या फटी हवा खेळायला ठेवल्या होत्या, हे मला तिथे पाण्याखाली कळलं. आणि बाहेर, तुला सांगते, अकरा वाजत आले होते. जावईबापू सातपासून उठून आमच्या तंबूभोवती फेऱ्या मारत खोकत होते. माझ्या तंबूची चेन उघडावी तर सासूबाई आत, न उघडावी तर सासूबाई जिवंत आहेत की नाही कुणास ठाऊक! चार तास तो भला माणूस खोकला. "आई, चहा निवला," एवढंच म्हणून पुन्हा खोकायचा. शेवटी शेजारच्या तंबूतल्या बाईला हाक मारायला आणलं.

पण तिने हाक मारायच्या आधीचं सांगते, कारण तेच सांगायचं आहे. मी अंधारात उठून बसले आणि मला चेन सापडेना. इकडे कापड, तिकडे कापड, ओलं, हाताला लागलं की सरकतं. आपण कुठे आहोत तेच कळेना. नात शेजारीच होती, पण मी तिला हाक मारली नाही. माझ्या तोंडून "धाकटे" असं आलं. दोनदा आलं. मग मी कनवटीची छोटी कात्री काढली, हाताने चाचपत माझाच टाका शोधला आणि कापला. आणि धाकटे, एक चांदणी आली. मी तिच्याकडे बघत तशीच बसून राहिले. तू सात वर्षांची होतीस, त्या दिवशी आत एकटीच. आणि आप्पांच्या त्या तंबूत एकही चांदणी नव्हती, तेवढा चांगला तो त्यांनी जन्मात कधी शिवला नव्हता. संध्याकाळी दोरी सोडली तेव्हा तू रडतही नव्हतीस, नुसती बघत होतीस. तेव्हापासून तू दिवा लावून झोपतेस, आणि आमचे मेहुणे बिचारे चाळीस वर्षं डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपले.

तर आता सांगायचं एवढंच, की घरी येऊन मी दोन्ही फटींचे सगळे टाके उसवले आहेत. हवा येते, उजेडही येतो, नात म्हणते चालेल, डोळ्यांवर पट्टी बांधीन. तुझी उशी मी इथेच काढून ठेवली आहे. बाकी क्षेम. आणखी काय लिहू, कागद संपला.

तुझी थोरली

ता. क. कागद उलटा केला तर मागे जागा आहे. दोरी ओली होऊन गाठ आवळली, म्हणून सुटली नाही, असं मी आप्पांना सांगितलं, तुला सांगितलं, तुझ्या लग्नात मेहुण्यांनाही सांगितलं. ते खोटं आहे. त्या दिवशी आधी तपासलेल्या तंबूत तू माझ्यापेक्षा तीन चांदण्या जास्त सांगितल्यास आणि आप्पा म्हणाले, धाकटीचे डोळे सोन्याचे. आप्पा बाजाराला गेल्यावर मी रागाने तुला नव्या तंबूत सोडून बाहेरून दोन गाठी मारल्या आणि शेजारणीची नवी सायकल बघायला गेले. विसरले नव्हते. आठवण होती.

ता. क. दुसरा. शनिवारी सकाळी आठला जावईबापूंची गाडी तुझ्या दारात येईल. चेनेकडची जागा तुझी, चेनेची दोरी तुझ्या मनगटाला बांधू. आणि हवं तर मला आत ठेव, बाहेरून चेन लाव, आणि खुशाल फिरून ये. मी हाक मारणार नाही. (दोन तासांच्या वर मात्र नको गं, मला आता तेवढा दम निघत नाही, आणि जावईबापू बाहेर खोकत बसतील.)