सब्जाच्या बाटलीतलं बी

पनवेल, गुरुवार, २२ एप्रिल १९९३
संध्याकाळचे साडेसात

चूक माझीच. ह्यांनी न्हावा शेव्याला जहाजावरच्या कुणाकडून तरी लॅव्हेंडरचं बी आणलं. पेरायच्या आधी ते महिनाभर गारव्यात ठेवायचं, म्हणून मी फ्रिजमध्ये ठेवलं. कशात? तर सब्जाच्या रिकाम्या बाटलीत! वर चिठ्ठी लावायचाही कंटाळा केला. कीड लागू नये म्हणून बियांना चोळलेलं गुलाबी विषारी औषध माझ्या बोटांना लागलं होतं. तेव्हा तरी डोकं चालायला नको?

मिनूचं तोंड आलंय म्हणून दुपारी सासूबाईंनी तिला सब्जा घालून सरबत दिलं. मी ऑफिसातून आले तर पेल्याच्या तळाशी गुलाबी कडं. "सब्जा नीट फुगलाच नाही गं, पण रंग बघ कसा छान आलाय," म्हणाल्या.

पोरीला उचलून दवाखान्यात पळाले. डॉक्टरांनी तिला उलटी करायला लावली. म्हणाले, "आता घरी न्या. पण पेंगायला लागली तर तडक घेऊन या." तेव्हापासून मी तिच्या डोळ्यांकडेच बघत बसलेय. ती खडूंनी चित्र रंगवतेय. ठीक दिसतेय. पेला मात्र धुवायला हात धजत नाही, ते गुलाबी कडं तसंच आहे.

आत्ता लिहिता लिहिता सासूबाईंना विचारलं, उरलेलं सरबत कुठे ओतलंत? खुर्चीत डोळे मिटूनच म्हणाल्या, "ओतायचं कशाला? मीच प्यायले." आणि पुन्हा पेंगायला लागल्या.

रिक्षा बघते.